खडा लक्षात ठेवणारे सर

“माझं नाव त्येनला अजून ठावं न्हाय बघ. खडा मात्र पाठ हाय,” बाकावरची बाई शेजारणीला सांगत होती.

मी त्यांच्या मागे, खिडकीशी, पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनवर चिठ्ठ्या चिकटवत उभी होते. तेवढ्यात आतून दणदणीत आवाज आला, “उजवीकडचा काटेरी! या आत.” बाई पदर सावरत उठली. “बघितलंस? मला न्हाय, माझ्या काटेऱ्याला बोलावलंय,” असं म्हणून ती मोठ्या मानाने आत गेली.

ती तेरखेड्याची कमलबाई, फटाक्यांच्या कामावर जाणारी. तिची डावी किडनी मुतखड्यांनी केव्हाच निकामी केली होती. सगळा कारभार उजवीवर चालू होता, आणि आता त्या उजवीतही खडे धरू लागले होते. आणि तो आवाज आमच्या सरांचा. सर धाराशिवच्या एका रुग्णालयात मूत्रविकाराचे डॉक्टर होते. मी त्यांच्या संशोधनाची समन्वयक म्हणून नुकतीच लागले होते. या पदाच्या नावात जेवढा रुबाब आहे तेवढा कामात नव्हता. दिवसभराची लघवी कॅनमध्ये कशी जमा करायची हे बायकांना शिकवायचं, आणि भरलेल्या कॅन प्रयोगशाळेत पोचवायच्या, एवढंच मुख्यतः काम होतं.

सरांना चेहरे लक्षात राहत नसत. नावं तर नाहीच. एकदा येरमाळ्याच्या एका हॉटेलात आम्ही चहाला थांबलो होतो, तर एक मिशीवाले गृहस्थ येऊन त्यांच्या पाया पडले. सर आपलं “हं, हं, बरं आहे ना,” करत राहिले. मग गृहस्थांनी वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. सरांचा चेहरा एकदम उजळला. “अरे, तुम्ही ते मूत्राशयातले तांबूस! बसा, बसा. भजी खाणार का?” आणि पुढे अर्धा तास त्या तांबूस खड्याची चर्चा चालली. भजी खाणाऱ्या आजूबाजूच्या लोकांनी हळूहळू आपापली टेबलं बदलली.

नमस्कार म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्या जागी ते “पाणी पिलं का?” असं विचारायचे. रुग्णांना, शिपायाला, रुग्णालयाच्या विश्वस्तांना, सगळ्यांनाच. मी रुजू झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्या घरी फोन केला तो अब्बांनी घेतला. पलीकडून अनोळखी आवाजात “पाणी पिलं का?” असं आलं. अब्बांनी क्षणभर विचार केला आणि अदबीने सांगितलं, “आज आमच्या गल्लीचा नंबर नाही साहेब, नळ परवा येईल.” त्यावर सर पाणीपुरवठ्याविषयी पुष्कळ बोलले. फोन ठेवल्यावर अब्बा म्हणाले, नगरपालिकेत शेवटी एक भला माणूस आला म्हणायचा.

बैठकांत ते तांब्या घेऊन बसायचे. पितळेचा, बुडाला पोचा आलेला. दर थोड्या वेळाने त्यातलं पाणी घटाघटा प्यायचे आणि मग बैठकीतून उठून जायचे. त्याची त्यांना लाज नव्हतीच. उलट बाकीची मंडळी सकाळपासून खुर्च्या धरून बसलेली पाहिली की त्यांना काळजी वाटायची. परत येताना दारातूनच ते सगळ्यांकडे डॉक्टरच्या नजरेने बघायचे. एका विश्वस्तांना त्यांनी भर बैठकीत विचारलं होतं, “तुम्ही सकाळपासून उठला नाहीत. सगळं ठीक आहे ना?” तो मुद्दा इतिवृत्तात घ्यायचा की नाही यावर मग लेखनिकाला बराच विचार करावा लागला.

सर मूळचे भूमकडचे. घरी मेंढरं होती. खड्यांचं वेड त्यांना कॉलेजात लागलं नाही, ते तिथूनच आलं. त्यांच्या वडिलांचा एक आवडता मेंढा होता. एका उन्हाळ्यात तो लघवी अडून पाय झाडत मेला. तो का मेला हे बघायला वडिलांनी त्याचं पोट फाडलं आणि आतून निघालेले वाळूसारखे खडे मुलाच्या तळहातावर ठेवले. सर ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा, बोली पण बदलायची. “म्या ते खडे खिशात घालून साळंत नेले,” ते म्हणायचे. “मास्तरला दावले. मास्तर म्हनला, फेक ते. म्या न्हाय फेकले.”

त्यांनी त्यानंतरही काहीच फेकलं नाही. रुग्णांचे पडलेले, काढलेले खडे ते स्टीलच्या मसाल्याच्या डब्यात ठेवायचे, तोच तो, सात वाट्यांचा, प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात असतो तसला. मोहरीच्या जागी बारीक काळपट, हळदीच्या जागी पिवळे, मधल्या वाटीत काटेरी. नवीन रुग्ण आला की झाकण उघडून सर त्याच्यापुढे धरायचे, “बघा, तुमचा यातला कोणता असेल?” बिचारा रुग्ण कळ विसरून डब्यात बघत राहायचा. एक औषध कंपनीचा माणूस, नवाच होता, तो “थँक यू सर” म्हणून पिवळ्यातला एक उचलायला निघाला होता. शकुंतला सिस्टरांनी वरच्यावर त्याचा हात धरला. त्या आमच्या जुन्या परिचारिका. सरांच्या डब्याचं झाकण लावणं हे आपल्या नोकरीतलं सर्वात मोठं काम आहे असं त्या म्हणायच्या.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही दखनी बोलतो. त्यामुळे लघवीसारखा शब्द मोठ्याने उच्चारायचा प्रसंग माझ्यावर मराठीत कधी आलाच नव्हता. पहिल्या दिवशी मी एका आजींना सगळं समजावून सांगितलं ते ‘सॅम्पल’, ‘ते’, ‘तसं’ आणि ‘तेव्हा’ एवढ्या चार शब्दांत. आजी “बरं” म्हणाल्या आणि कॅनमध्ये रॉकेल आणू का म्हणून विचारू लागल्या. सर पडद्यामागून ऐकत होते. आजी गेल्यावर त्यांनी सिस्टरांची शाल मागून घेतली, डोक्यावरून ओढली आणि माझ्यासमोर बाकावर येऊन बसले.

“मी भूमची म्हातारी आहे. सांगा मला.”

मी सांगू लागले. सकाळची पहिली टाकून द्यायची. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची सगळी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली मात्र धरायची.

“आज सकाळची टाकायची आन् उद्या सकाळची धरायची?” म्हातारीने भांडण काढलं. “आजचीनं काय पाप केलंय?”

“सर, ती आदल्या रात्रीची असते...”

“सर कोन? म्या म्हातारी हाय. आन् शेतात आसले तर? क्यान घेऊन खुरपायला जाऊ व्हय? सासरा बांधावर बसलेला आसतो.”

बाहेरच्या बाकांवरच्या बायका दारात जमल्या होत्या. शाल पांघरलेले सर त्यांच्याकडे बघून मलाच विचारत होते आणि बायका त्यांच्या बाजूने मला आणखी प्रश्न सुचवत होत्या. मी त्या दिवशी घामाने भिजले. पण त्यानंतर मला कुणालाही काहीही समजावून सांगताना अडलं नाही, कारण त्या म्हातारीइतकी भांडकुदळ बाई पुढे मला एकही भेटली नाही.

सरांचं संशोधन म्हटलं तर अगदी साधं होतं. ज्या बायकांना एकदा मुतखडा होऊन गेला आहे त्यांना ठरावीक वेळांना ठरावीक पाणी आणि लिंबाचं सरबत दिलं, तर तो पुन्हा व्हायचा थांबतो का, हे बघायचं. निम्म्यांना हे द्यायचं आणि निम्म्यांना नेहमीसारखा तोंडी सल्ला. कुणाला काय, ते बंद पाकिटातून चिठ्ठी काढून ठरायचं. बायकांना ही पद्धत फार लवकर समजली, कारण भिशी तशीच निघते. फक्त ज्यांना सल्ल्याची चिठ्ठी आली त्या पुढच्या महिन्यात येऊन विचारायच्या, “ह्या खेपेला तरी आमचं लिंबू लागलं का?” आणि सरांना त्यांना नाही म्हणताना इतकं जड जायचं की शेवटी चिठ्ठ्यांच्या वेळी आम्ही त्यांना खोलीबाहेर पाठवू लागलो.

या अभ्यासासाठी सर किती वर्षं थांबले होते हे सगळ्या रुग्णालयाला माहीत होतं. दुसऱ्यांच्या औषधांच्या चाचण्या त्यांनी पुष्कळ केल्या होत्या. हा मात्र त्यांचा स्वतःचा होता.

कमलबाईसारख्या तेरखेड्याच्या बायका यात बऱ्याच होत्या. कामाच्या जागी त्या पाणीच पीत नसत. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नव्हती. सरांना हे कळलं तेव्हा ते मला घेऊन थेट तिथल्या एका मालकाकडे गेले. पांढरी गाडी, पांढरा सदरा, हातात बॅग, आणि मागे फाइल धरलेली मी. फाटकावरच्या माणसाने हे दृश्य पाहिलं आणि तो आत पळाला. आम्ही आत पोचेपर्यंत सगळ्या शेडना कुलपं लागली होती, एकही बाई दिसत नव्हती आणि मालक हात जोडून उभे होते.

“सगळं नियमात हाय, साहेब,” म्हणत त्यांनी टेबलावर परवान्यांची चळत मांडली.

सरांनी ती बाजूला सारली. “कागद नको. संडास दाखवा.”

मालक गडबडले. “ह्यो नवा नियम आला का, साहेब?”

“यायला पाहिजे,” सर म्हणाले.

पुढच्या महिन्यात तिथे पत्र्याच्या दाराचा संडास उभा राहिला. सर तो बघायला गेले, त्याभोवती एक फेरी मारली आणि परत येताना गाडीत म्हणाले, “बघा मॅडम. माणसाला नीट समजावून सांगितलं की पटतं.” मालकांनी आपल्याला तपासणीला आलेले सरकारी साहेब समजलं होतं याची त्यांना आजतागायत कल्पना नाही. आम्हीही कधी दिली नाही. मालकांनी निघताना दिलेला फुलबाज्यांचा खोका मात्र त्यांनी आपल्या बोलण्याला मिळालेली दाद म्हणून घेतला.

“माणूस खोटं बोलतो, लघवी बोलत नाही,” हे त्यांचं लाडकं वाक्य. कॅन आली की ते ती स्वतः उचलायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे आणि आतली पातळी बघायचे. पाणी आणि सरबतवाल्या बायकांच्या कॅन दर महिन्याला अधिकाधिक भरत चालल्या होत्या. सरांचा आनंद बघण्यासारखा असायचा. “वा! काय विहीर लागलीय तुम्हाला!” असं म्हणून ते त्या बाईला खुर्ची द्यायचे, सिस्टरांना बोलावून दाखवायचे, मला बोलावून दाखवायचे. भूमहून एसटीने येणाऱ्या एका बाईची कॅन पिशवीतून डोकावत होती, तेव्हा कंडक्टरने विचारलं म्हणे, “मावशी, ताक का?” ती म्हणाली, “न्हाय, अभ्यास.” सरांनी हा किस्सा महिनाभर सगळ्यांना सांगितला.

अहवालांत मात्र काहीतरी जुळत नव्हतं. लघवीत क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ असतो. तो स्नायूंच्या रोजच्या झिजेतून येतो, त्यामुळे ज्याच्या अंगात जेवढे स्नायू तेवढंच त्याचं प्रमाण, आणि ते एरवी फारसं बदलत नाही. कमलबाई अंगाने माझ्याहूनही बारीक. पण तिच्या अहवालावर विश्वास ठेवायचा तर ती तालमीतला पैलवान असायला हवी होती. आमच्या अभ्यासाचे आकडे पुण्यात बसून तपासणाऱ्या मंडळींनी मेल करून हेच विचारलं. मी ती मेल सरांना दाखवली.

ते हसले. “पुण्याच्या लोकांनी आपल्या बायका बघितल्या आहेत का? डोक्यावर पोतं घेऊन चालतात त्या. लिहा त्यांना, इकडे स्नायू असतात.”

मी ते लिहिलं. जरा सौम्य करून.

त्यानंतरच्या खेपेला कमलबाई जरा लवकर आली. सोबत सून होती. मी कॅन घेतली, नेहमीचे प्रश्न विचारले. बोलता बोलता तिचा हात सारखा उजव्या कुशीकडे जात होता.

“दुखतंय का?”

“जरासं. आठ दिस झाले, रातच्याला कळ येतीय. डाक्टरसाहेबांना नका सांगू. एवढं करायलेत आपल्यासाठी.”

“पण लघवी तर भरपूर होतेय. पाणी तेवढंच पिता ना?”

कमलबाई सुनेकडे बघून हसली. “कुठलं मॅडम. त्यो नवा संडास हाय, पर त्याची वाट मालकाच्या टेबलासमोरून जातीय. त्यो बसलेला आसतो. कोन जाणार? पानी पिऊन करायचं काय?”

“मग कॅन?”

“माझं अर्ध्याला बी येत न्हाय. मग हिचं घालतो.” तिने सुनेकडे बोट केलं. “कुनी भांडं दिलं तर असं अर्धंमुर्धं परत द्यायचं व्हय? आमच्यात न्हाय तसं. शेजारणीची वाटी आली तर चिमूटभर साखर घालून का हुईना, भरून देतो. आन् ह्ये तर डाक्टरसाहेबांचं.”

सून शांतपणे म्हणाली, “सगळ्याजणी तसंच करतेत.”

मी कॅन घेऊन प्रयोगशाळेकडे निघाले आणि निम्म्यातून परत फिरले. सिस्टर औषधांच्या कपाटापाशी होत्या. मी त्यांना हळू आवाजात विचारलं. त्यांनी कपाट लावून घेतलं.

“मला ठाऊक हाय ते,” त्या म्हणाल्या. “पहिल्या महिन्यापासनं. सांगू नका, मॅडम. पुढच्या साली रिटायर व्हायलेत. सोमवारी पुण्याला आकडे पाठवणार म्हणून नवा सदरा शिवून घेतलाय त्यांनी. आकडे मेलनं जाणार हायत, तरी बी.”

“पण कमलबाईंना दुखतंय. त्यांची एकच किडनी आहे.”

“तिला मी सांगते पानी पी म्हणून.”

न बोलणं मला जमतं. वर्गात हात वर न करता मी सगळी शाळा पार केली आहे, आणि घरी पाहुणे आले की मी चहाचा ट्रे ठेवून कशी नाहीशी होते यावर अम्मीचं एक स्वतंत्र भाषण आहे. सरांनीही मला कधी बोलतं करायचा आग्रह धरला नव्हता. एवढंच की माझ्या टेबलावर ते रोज येता-जाता पाण्याचा पेला ठेवून जायचे आणि संध्याकाळी तो रिकामा झाला का बघायचे.

आतून हाक आली, “उजवीकडचा काटेरी!”

कमलबाई आत गेली. मी फाइल आणि कॅन घेऊन मागोमाग. सिस्टर दारात उभ्या राहिल्या. सरांनी कॅन माझ्या हातातून घेतली, खिडकीशी नेली, उजेडात धरली. ती गळ्यापर्यंत भरली होती.

“वा, वा, वा,” ते म्हणाले. “कमलबाई, तुम्ही तर गोदावरी झालात.” तिचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं. मला वाटतं, कमलबाईच्याही ते लक्षात आलं. ती लाजली. “काही त्रास?”

“न्हाय जी. बेस हाय.”

“असणारच. एवढी धार असल्यावर खडा टिकतोय कशाला? तुमची ती सोनोग्राफी दिवाळीनंतर ठरली आहे ना? मग तेव्हाच करू. जा आता निवांत.”

कमलबाई उठली. उठताना तिने कूस धरली आणि लगेच पदर ओढून हात झाकला. सर कॅन बघत होते.

“सर, सोनोग्राफी आज करा,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा आवाज कुठून आला हे कळायला त्यांना वेळ लागला असावा. “का?”

“त्यांना आठ दिवस दुखतंय. आणि कॅनमधलं सगळं त्यांचं नाही.”

मग कमलबाईने खुलासा केला, “सुनेचंच हाय, साहेब. परकं कुनाचं न्हाय.”

सरांनी कॅन टेबलावर ठेवली. फार हळू ठेवली. मग फोन उचलून त्यांनी सोनोग्राफीवाल्यांना सांगितलं की एक बाई खाली येत आहे, हातातलं काम थांबवा आणि तिला आधी घ्या. फोन ठेवला. पलीकडे भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला आलेख लावलेला होता. पाणी पिणाऱ्यांची निळी रेघ त्यात सरळ वर चढत गेलेली होती. ते त्याच्याकडे बघत राहिले.

“आणखी कितीजणी?”

“बहुतेक सगळ्या,” मी म्हणाले. “म्हणून ते क्रिएटिनिन एवढं येत होतं.”

“म्हणजे लघवी खरंच सांगत होती,” ते स्वतःशीच बोलले. “मीच ऐकत नव्हतो.” मग त्यांनी कमलबाईकडे पाहिलं, दारातल्या सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर दाराची कडी बोटाने पुसू लागल्या. “सिस्टर, तुम्हाला पण माहीत होतं?”

सिस्टरांनी होकारार्थी मान हलवली.

“एवढ्या महिन्यांत मला एकानेही सांगितलं नाही. मी काय कुणावर ओरडतो का? कधी कुणाला रागावलोय? मग भीती कसली होती तुम्हाला?”

कमलबाई फरशीकडे बघत होती. सिस्टर काही बोलतील म्हणून मी थांबले. त्या कडीच पुसत राहिल्या. सर आता माझ्याकडेच बघत होते, आणि उत्तर खरंच हवं असल्यासारखे बघत होते.

“भीती नव्हती, सर,” मी म्हणाले. “कॅन अर्धी असली की तुमचं तोंड एवढंसं होतं. ते आमच्यातल्या कुणालाच बघवत नाही.”